वाटेत खाल्लंय

बे दोकशिमताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या मासळीवालीच्या वजनकाट्याखाली वाकून बघत होत्या. बुडाला काही चिकटवलंय का, ते. मासळीवाली कमरेवर हात ठेवून उभी.

"सापडलं का काही?" तिनं विचारलं.

"आज नाही," ताई उठत म्हणाल्या. "आज तू सावध होतीस." आणि तिच्याकडूनच दोन बांगडे घेऊन गेल्या.

मासान बंदरातल्या मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं पार्लर, आणि भिंतीला भिंत लावून माझं कपडे दुरुस्तीचं दुकान. गल्लीतल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांचे बारीक कुरळे केस ताईंच्याच हातचे. हात चांगला होता, दरही रास्त होता, पण विश्वास म्हणून कुणावर नव्हता. केस कुरळे करायचं पर्मचं औषध विकायला माणूस आला की आधी ते त्याच्याच मनगटावर चोळायला लावायच्या. हवामानाचा अंदाज दोन वाहिन्यांवर ऐकायच्या आणि दोन्हीही खोटं बोलताहेत असं धरून छत्री घेऊन निघायच्या. माझ्या दुकानात नवीन शिवणयंत्र आलं तेव्हा त्यांनी तासभर त्याच्याभोवती घिरट्या घातल्या आणि शेवटी म्हणाल्या, "आवाज फारच कमी करतंय. आत काहीतरी कमी दिलंय तुला."

माणूस ओळखायचा तर त्याच्या केसांवरून, असं त्यांचं मत होतं. तोंडावर ताबा ठेवता येतो, केसांवर नाही. नवीन बाई खुर्चीत बसली की ताई मागून तिचे केस दोन बोटांत धरून नुसत्या बघत राहायच्या आणि ती गेल्यावर मला सांगायच्या, "हिचं घरी काही ठीक नाही बघ." निम्म्या वेळा खरं निघायचं.

त्यांचे यजमान मेंग सूचोल. मी त्यांना भावजी म्हणायची. योसूहून सुक्या मांदेलीसारखी मासळी ट्रकमध्ये भरायची आणि मासानच्या बाजारात आणून टाकायची, हे त्यांचं काम. आठवड्यातून तीन खेपा. सकाळी दहा-अकराच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी त्यांची पावलं वाजायची. बोलणं जवळजवळ नाहीच. नमस्कार केला तर मान हलवायचे. महिन्यातून एकदा पार्लरच्या खुर्चीत बसून ताईंकडून केस कापून घ्यायचे, तेही डोळे मिटून. शेवटची एकोणीस वर्षं मी भिंतीपलीकडून त्यांचा एकच संवाद ऐकला.

"जेवायला वाढू?"

"वाटेत खाल्लंय."

"कुठे वाटेत?"

"वाटेत."

"काय खाल्लं?"

"रस्सा."

झालं. ताईंनी पहाटे उठून केलेलं सूप चुलीवर निवून जायचं. दुपारी ते माझ्याकडे यायचं.

त्यांना मूलबाळ नव्हतं. तो विषय गल्लीत कुणी काढत नसे आणि मीही कधी काढला नाही. घरात दोनच माणसं, त्यातलं एक गप्प, तेव्हा ताईंच्या मनात त्या 'वाटेत'ला हळूहळू नाकडोळे फुटले. तिचं वय त्यांनी ठरवलं, चाळीस. विधवा. हाताला चव आहे. केस लांब आणि पाठीवर मोकळे. "एकदा त्यांच्या सदऱ्याला पातीचा वास आला," त्या मला म्हणाल्या. "आपल्या घरात त्या दिवशी पात नव्हती."

"अहो ताई, खानावळीत जेवले तर पातीचा वास येणारच."

"तू त्यांची वकील आहेस का?"

भावजी गेले ते असेच, काही न बोलता. एप्रिलचा महिना होता, ट्रकवर ताडपत्री बांधत होते, दोरी हातात घेऊन खाली बसले ते उठलेच नाहीत. सहासष्ट वर्षांचे होते. ताई रडल्याचं मी पाहिलं नाही. त्यांनी भावजींचे सगळे खिसे उलटे करून पाहिले, ट्रकमधला प्रत्येक कागद वाचला. काही निघालं नाही. "फार हुशार होते," एवढंच म्हणाल्या.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी पार्सल आलं. थर्मोकोलचा खोका, आत बर्फ आणि गोठवलेल्या रश्श्याची दहा पाकिटं. वर चिठ्ठी. ताईंनी ती मला वाचायला दिली, मग हिसकावून पुन्हा स्वतः वाचली.

'मेंगभाऊंच्या श्राद्धाला. त्यांच्या पानावर वाढावा. चा योनओक, हादोंग.'

"मेंगभाऊ," ताई म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "योनओक." मग आणखी थोड्या वेळानं, "तिला तारीख कशी ठाऊक?"

पानावर त्यांनी तो रस्सा वाढला नाही. तीन पाकिटं माझ्यासमोर आणून आपटली. "तू खा. उद्या उठलीस तर बाकीच्यांचं बघू."

मी खाल्लं आणि उठले. सकाळी दार उघडलं तर ताई बाहेर उभ्याच.

"कसा होता?"

खोटं बोलायला हवं होतं. पण तोंडातून गेलं, "छान होता हो."

"छान असणारच," ताई म्हणाल्या आणि पार्लरचं शटर असं वर फेकलं की गल्लीतली मांजरं पळाली.

तीन आठवडे त्यांनी रश्श्याचं नाव काढलं नाही. मग एक दिवस माझ्या दुकानात येऊन, एका पँटच्या शिलाईकडे बघत म्हणाल्या, "मिरान, आपण सहलीला जाऊ या. हादोंगला. चहाचे मळे बघायला."

ज्या बाईनं शेजारच्या बंदरातला उत्सव कधी पाहिला नाही, तिला चहाचे मळे बघायचे होते.

"सकाळी लवकर निघू," त्या म्हणाल्या. "न्याहारी तिकडेच करू. कुठेतरी."

मे महिन्यातल्या एका सोमवारी, उजाडता उजाडता आम्ही माझ्या छोट्या गाडीतून निघालो. ताईंनी रुंद काठाची टोपी घातली होती, काळा गॉगल, गळ्यात नवा रुमाल. हातातल्या पिशवीत स्वतःचा चमचा, जेवायच्या काड्या आणि पोटाच्या गोळ्या.

"नीट ऐक," त्या म्हणाल्या. "आपण सोलहून आलोय. माझं नाव ओक. तू माझी भाची. तिथं मला दोकशिमताई म्हणायचं नाही."

"आणि तिनं काही विचारलं तर?"

"विचारायचं काम माझं."

महामार्ग सोडून गाडी नदीकडे वळली तेव्हा ऊन वर आलं होतं. सोमजिनचं पाणी उथळ, वाळू स्वच्छ. कमरेइतक्या पाण्यात चार-पाच माणसं लांब दांड्यांचे दाताळे ओढत मागे मागे चालत होती. तिसऱ्या, म्हणजे बारके शिंपले, काढायचा मोसम. मी म्हटलं, "ताई, बघा तरी." ताई समोर बघत होत्या. त्यांना पाटी दिसली होती.

'योनओकचं घर. तिसऱ्यांचा रस्सा.'

"स्वतःच्या नावाची पाटी लावलीय," त्या म्हणाल्या. "म्हणजे कुणाला चुकायला नको."

बाहेर दोन ट्रक उभे. आत जमिनीवर बसायची बुटकी टेबलं, खतवाल्याचं कॅलेंडर, कोपऱ्यात तीन ड्रायव्हर वाटीत तोंड घालून जेवताहेत. स्वयंपाकघरातून वाफेबरोबर एक बाई बाहेर आली. साठीची, बुटकी, पायात रबरी बूट. आणि केस? मानेपर्यंतसुद्धा नव्हते. पुरुषासारखे कापलेले.

ताई माझ्या कानाशी लागल्या. "कापलेत. आमचे हे गेल्यावर कापले असणार."

"काय घेणार, ताई?" बाईनं विचारलं.

"काय आहे?" ताई म्हणाल्या.

"रस्सा आहे."

"आणखी?"

"रस्साच आहे," बाई म्हणाली. "तीस वर्षं तेवढाच आहे."

दोन वाडगे आले. दुधट, किंचित निळसर पाणी, तळाशी नखाएवढ्या तिसऱ्यांचं मांस, वर लसणीच्या पातीसारखी हिरवी पात बारीक चिरून. बाजूला भात, आंबवलेल्या कोबीची किमची, तिखटात मुरवलेला मुळा. ताईंनी गॉगल न काढता वाडग्यावर वाकून वास घेतला. मग आपला चमचा पिशवीतून काढला, रुमालानं पुसला आणि तळ ढवळून पाहिला. दोन तिसऱ्या बाजूला काढून उलट्यापालट्या केल्या.

योनओक लांबून हे सगळं बघत होती. ती जवळ आली. "तुम्ही टीव्हीवाल्या का?"

"नाही."

"आरोग्य खात्याच्या?"

"आम्ही सहलीला आलोय. सोलहून."

"असं होय," योनओक म्हणाली. "सोलची माणसं मासानच्या बाजारातल्यासारखी कधीपासून बोलायला लागली?"

कोपऱ्यातला एक ड्रायव्हर फिसकन हसला. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. ताईंनी मात्र पापणी हलवली नसावी. गॉगलमुळे कळलं नाही. त्यांनी एक घोट घेतला. तोंडात धरून ठेवला. मग गिळला. आणखी एक घेतला.

"मीठ जास्त आहे," त्या म्हणाल्या, आणि तिसरा घेतला.

"नदीचंच आहे ते. वरून घालत नाही."

"असं सगळेच म्हणतात." ताईंनी चमचा ठेवला. "ट्रकवाले बरेच येतात वाटतं इथं?"

"येतात."

"योसू ते मासान जाणारेसुद्धा?"

योनओकनं हात एप्रनला पुसले. तिची नजर आता बदलली होती. "तुम्हाला कोण हवंय ते सांगा ना सरळ."

"मेंग नावाचा कुणी येत होता का?"

आत पातेल्याचं झाकण वाजत होतं तेवढाच आवाज. ड्रायव्हर जेवायचे थांबले. योनओक म्हणाली, "तुम्ही त्यांच्या कोण?"

"बहीण. लांबची."

"मेंगभाऊंना जवळची-लांबची कुठलीच बहीण नव्हती. अनाथाश्रमात वाढले ते." योनओकचा आवाज चढला. "मेलेल्या माणसाची चौकशी खोट्या नावानं करायला आलात का? कुणी पाठवलं तुम्हाला? विमावाल्यांनी?"

ताईंनी टोपी काढली. मग गॉगल काढला आणि घडी घालून टेबलावर ठेवला. "मी बायको," त्या म्हणाल्या. "आता तू सांग, तू कोण?"

मला वाटलं आता वाडगे उडणार. योनओक एक क्षण तशीच उभी राहिली. मग रबरी बुटांसकट खाली बसली, कपाळ जमिनीला लागेल इतकी वाकली आणि म्हणाली, "वहिनी! अहो, आधी नाही का सांगायचं? आणि बोयंग कशी आहे?"

ताईंचा चमचा वाडग्याच्या काठाला लागून किणकिणला.

"कोण?"

"बोयंग. तुमची बोयंग. बाप गेल्यावर पोरीचं कसं झालं असेल, रोज मनात येतं. भाऊंच्या कंपनीतल्या ड्रायव्हरांनीच सांगितलं मला, तारीखही त्यांनीच दिली. तिच्यासाठी म्हणून चार पाकिटं जास्त घातली होती खोक्यात."

मी ताईंकडे बघायचं टाळलं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली आणि ती कुणाच्याही डोक्यात आली असती: भावजींना दुसरीकडे मुलगी होती. म्हणजे घर होतं. म्हणजे ताईंचा एकोणीस वर्षांचा संशय खरा होता, फक्त बाई ही नव्हती. मी मनातल्या मनात गाडीची किल्ली कुठल्या खिशात आहे ते आठवू लागले.

"बरी आहे," ताई म्हणाल्या.

आवाज अगदी सपाट. मग म्हणाल्या, "काय सांगायचे ते तिच्याबद्दल?"

"काय नाही सांगायचे ते विचारा!" योनओक आता मांडी घालून आमच्याच टेबलाशी बसली. "पहिल्यांदा आले तेव्हा मी आपलं विचारलं, मुलंबाळं किती? कुणालाही विचारतो तसं. घास हातात धरून बसले. मला वाटलं, बोलता येत नाही की काय यांना. मग म्हणाले, एक मुलगी आहे, नववीत. पुढच्या खेपेला मी विचारलं, परीक्षा कशी झाली मुलीची? त्यानंतर मला विचारावं लागलंच नाही. बसायच्या आधी सुरू. हे ड्रायव्हर चिडवायचे, मेंगभाऊ आले, रेडिओ बंद करा आता."

"बोलायचे?" ताई म्हणाल्या. "आमचे हे?"

"जेवण निवून जायचं, वहिनी. दोनदा गरम करून द्यायची मी."

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं मान डोलावली. "गणिताला घाबरायची ना ती? परीक्षेच्या दिवशी भाऊंनीच ट्रक बाजूला घेऊन उलटी केली होती."

"कितवीत होती तेव्हा?" ताईंनी विचारलं.

"बारावीत."

"साल?"

"शहाण्णव असेल, नाहीतर सत्त्याण्णव."

ताईंचे ओठ किंचित हलले, जणू काही जुळवून बघत होत्या. मला वाटलं, साक्षी-पुरावे गोळा करताहेत. त्या एकेक विचारत गेल्या आणि योनओक सांगत गेली. बारावीनंतर पोरगी जिंजूला औषधशास्त्र शिकायला गेली. वसतिगृहात तापानं फणफणली तेव्हा भाऊ इथून डबाभर रस्सा बांधून घेऊन गेले. मग बुसानला औषधांच्या दुकानात लागली. स्वभाव बापासारखा हळवा, हट्ट आईसारखा. माशाचं डोकं खात नाही. लग्नाचं नाव काढत नाही.

"तेवढं एक मात्र माझ्या मनात आहे, वहिनी," योनओक म्हणाली. "माझा भाचा सुनचोनच्या पोस्टात आहे. चांगला मुलगा. तीन वर्षं मी भाऊंच्या मागे होते, भेट तरी घडवा. कधी म्हणाले परीक्षा आहे, कधी म्हणाले बदली आहे. आम्ही नदीकाठची माणसं म्हणून नको होतो का?"

"तसं नाही," ताई म्हणाल्या. थोडं थांबल्या. "तीच नाही म्हणाली असेल."

"असेल. हट्टी आहे ना."

ताई उठल्या. "हात धुवायचे आहेत," म्हणाल्या आणि मागच्या अंगणातल्या नळाकडे गेल्या. पाणी सोडल्याचा आवाज आला, तो बराच वेळ येत राहिला.

योनओक माझ्याजवळ सरकली. इतका वेळ हसत असलेला तिचा चेहरा आता वेगळाच दिसत होता. "एक विचारू? रागावू नका. ती मुलगी आहे ना खरंच?"

मी वाडग्यातली पात चमच्यानं बाजूला सारू लागले.

"एकोणीस वर्षांत एक फोटो नाही दाखवला. मागितला की पाकीट ट्रकमध्ये राहिलं म्हणायचे. एकदा तिच्या जन्मवर्षाचा प्राणी घोडा सांगितला, दोन वर्षांनी म्हणाले मेंढी. बाप असं विसरतो का?" तिनं अंगणाच्या दाराकडे पाहिलं. "मी कधी टोकलं नाही. पण मनात राहतंच ना."

मला काहीच ठाऊक नव्हतं. ताईंना मूल नाही एवढं ठाऊक होतं. पण ताई 'बरी आहे' म्हणाल्या होत्या, आणि तेवीस वर्षं ज्यांच्या भिंतीला टेकून मी बसले त्यांना या परक्या गावात खोटं पाडायला माझी जीभ उचलली नाही.

"आहे," मी म्हटलं. "घोड्याच्याच वर्षाची."

योनओक माझ्याकडे बघत राहिली. मग उठून वाडगे आवरू लागली.

निघताना तिनं पैसे घ्यायला साफ नकार दिला आणि ताईंनी तेवढ्याच हट्टानं ते भाताच्या भांड्याखाली सरकवले. खिडकीजवळचं टेबल तिनं दाखवलं, तिथं भावजी बसायचे. ताई त्या टेबलाशी गेल्या, पण बसल्या नाहीत. खिडकीतून काय दिसतं तेवढं वाकून बघितलं.

गाडी पुलाजवळ आली तेव्हा मी ती कडेला घेतली. मला राहवलं नाही. "ताई, घाबरू नका. सरकारी कचेरीत कुटुंबाच्या नोंदी असतात. काढून बघू. दुसरं घर असेल तर आजकाल सगळं सापडतं..."

"गप्प बस," ताई म्हणाल्या. "बोयंग माझीच."

मग त्यांनी सांगितलं. समोरच्या काचेकडे बघत, भराभर, जणू कुणा दुसऱ्याची हकीकत. अठ्ठ्याहत्तर साल. मार्च. मासानच्या इस्पितळात मुलगी झाली. वजन कमी होतं. भावजींनी नाव आधीच ठरवून कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं, बोयंग. अकरा दिवस जगली. बाराव्या दिवशी भावजी एकटेच तिला घेऊन डोंगरावर गेले आणि हातपाय धुऊन परत आले. कॅलेंडरचं ते पान त्यांनी काढून टाकलं. त्यानंतर मूल झालं नाही. त्यानंतर चौतीस वर्षांत त्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नाही.

"मला वाटलं विसरले," ताई म्हणाल्या. "एक अश्रू नाही, एक शब्द नाही. दगड आहे म्हटलं. मग मीही दगडाशी वागावं तशी वागले."

खाली नदीत माणसं दाताळे ओढत होती.

"तो डबा," ताई एकदम म्हणाल्या. "ताप आला म्हणून नेला म्हणाली ना? तो घरी आणला होता त्यांनी. टेबलावर ठेवला नि म्हणाले, कंपनीत वाटला. मी म्हटलं, कुठली सटवी रांधून देतेय. मोरीत ओतला मी तो. त्यांच्यासमोर ओतला."

त्यांनी गळ्यातला नवा रुमाल ओढून काढला आणि समोरच्या डॅशबोर्डवर आपटला. एकदा, दोनदा. "सगळ्या ट्रकवाल्यांना ठाऊक! हायवेवरच्या प्रत्येक माणसाला ठाऊक! एकोणीस वर्षं पोरीला एकट्यानं वाढवलं मेल्यानं. शाळेत घातली, कॉलेजात घातली. मला एकदा तरी विचारलं?"

चहाचे मळे आम्ही पाहिले नाहीत.

एवढ्यावर ताईंचा संशय संपला असेल असं कुणाला वाटलं तर त्यानं ताईंना ओळखलंच नाही. दुसऱ्याच दिवशी भिंतीवर टकटक झाली. "मिरान, त्या बाईनं हे सगळं रचलं कशावरून नाही?"

"ताई, नाव तिला कुठून कळणार?"

"नाव कुठूनही कळतं."

"आणि तो म्हातारा ड्रायव्हर?"

"त्याला फुकट जेवण घालत असेल."

आठवडाभर त्यांनी या बाजूनं विचार केला, आठवडाभर त्या बाजूनं. भावजींच्या कंपनीतल्या दोन ड्रायव्हरांना पार्लरमध्ये बोलावून फुकट केस कापून दिले आणि कापता कापता उलटतपासणी घेतली. दोघांनीही बोयंगच्या औषधांच्या दुकानाची चौकशी केली. त्यांतल्या एकानं तर गुडघ्यावर कुठली गोळी चांगली ते तिला विचारून ठेवा म्हणून सांगितलं. ताईंनी त्याला दुसऱ्या दुकानातून विचारून गोळीचं नाव कळवलं.

जुलैत त्या म्हणाल्या, "गाडी रिकामी आहे का सोमवारी?"

तेव्हापासून आम्ही जात आलोय. वर्षातून दोनदा, कधी तीनदा. पार्लरला कुलूप, माझ्या दुकानाला कुलूप. ताई आता खिडकीजवळच बसतात. चमचा अजून घरूनच नेतात आणि मीठ जास्त आहे हे अजून दर खेपेला सांगतात. योनओकच्या मानेवर केस रंगवल्याचे डाग दिसले तेव्हा त्यांना राहवलं नाही. तिला अंगणात खुर्चीवर बसवून टॉवेल गुंडाळला आणि सगळं नीट करून दिलं. केस दोन बोटांत धरून बराच वेळ बघत होत्या. परत येताना मी विचारलं, "काय दिसलं?"

"काही नाही," ताई म्हणाल्या. "कष्टाचे केस आहेत. तरी पूर्ण खात्री देत नाही मी."

योनओकला खरं काय ते कळलं होतं का? मला वाटतं, पहिल्याच दिवशी कळलं, माझ्या 'आहे'वरूनच. भाच्याचं तिनं नंतर दुसरीकडे जमवलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. पण आम्ही आत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला, "बोयंग कशी आहे?" आणि ताई सांगतात. सध्या कामाचा ताण आहे. दुकान दुसरीकडे हलवलं. मागच्या महिन्यात सर्दी झाली होती. मग योनओक एखादी जुनी गोष्ट काढते, भावजींनी सांगितलेली, आणि ताई ती चमच्यानं तळ ढवळावा तशी ढवळून बघतात.

गेल्या शरदात गेलो होतो तेव्हा योनओक म्हणाली, "शाळेत कायम पहिला नंबर असायचा म्हणे तिचा."

ताईंनी चमचा खाली ठेवला. "पहिला? कोण म्हणालं?"

"मेंगभाऊच. याच टेबलावर."

"फेकत होते. गणिताला घाबरणारी पोर पहिली कशी येईल? चौथी-पाचवी आली असेल."

"अहो वहिनी, मला पक्कं आठवतंय. पहिली."

"आई मी आहे तिची. चौथी."

"बाप रोज येऊन सांगत होता की हो! तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

ताईंनी योनओककडे टक लावून पाहिलं. योनओकनंही नजर खाली घेतली नाही.

"बरं," योनओक शेवटी म्हणाली, "तिसरी."

ताईंनी थोडा वेळ विचार केला. "तिसरी असू शकते," त्या म्हणाल्या, आणि आणखी भात मागितला.